लाभ, दोन, तीन

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे चौथीत शिकवलं असेल, तर ते चौथीतच राहिलं. ही वही कधी कुणाच्या हाती लागलीच तर त्याने चुका पोटात घालाव्यात. वहीसुद्धा माझी नाही. क्लासच्या हजेरीची जुनी वही आहे. मागची पानं कोरी होती, फुकट कशाला घालवायची म्हणून त्यांवर लिहिते आहे. पुढच्या पानांवर मुलांची नावं आहेत, तीही माझ्याच हातची. जो कोणी ती वाचत इथवर आला असेल त्याला एव्हाना माझ्या अक्षराची सवय झाली असेल.

कापणी आली की मला ती नावं आठवतात. आश्विन संपत आला की सकाळी कातळावरच्या गवतावर दव असतं आणि दुपारी तेच गवत पायाखाली कडकड मोडतं. पाऊस गेलेला असतो, पण जांभ्याच्या भिंतींतली ओल गेलेली नसते. मग एके दिवशी वारा फिरतो आणि कापलेल्या भाताचा वास येतो. तो वास कसा असतो ते मला नीट लिहिता येणार नाही. थोडा गवताचा, थोडा घामाचा, थोडा नव्या तांदळाच्या पेजेचा. आज दुपारी मागच्या पायरीवर बसले होते तेव्हा तो आला. नेमका त्याच वेळी समोरच्या वखारीतून मुलांचा आवाज आला, "इची! नी! सान! शी!"

ही जपानी मोजणी. एक, दोन, तीन, चार. ऐकून ऐकून मला ती दहापर्यंत येते. कराटेतलं बाकी काही येत नाही. हात कुठून फिरवायचा, पाय कुठे टाकायचा, ते मुलांना आणि ह्यांना ठाऊक. मी वखार झाडते, काथ्याच्या चटया अंथरते, उसवलेले कपडे शिवते आणि हजेरी मांडते.

आज सकाळी बाजारात सुनंदा दिसली. डोक्यावर पाटी, पाटीत बांगडे. आता चांगली उंच झाली आहे. माझ्याकडे बघून हसली आणि "वहिनी, घ्या की, ताजे आहेत" म्हणाली. मी घेतले. मोजून घेतले नाहीत. तिचं नाव या वहीत चौतिसावं आहे. त्यापुढे दोन शून्यं आहेत आणि त्यानंतरची रेघ कोरी आहे. त्या कोऱ्या रेघेला आता पाच वर्षं झाली.

हे मुंबईत गिरणीत होते. गिरणी बंद पडली, वर्षभर चालू होईल चालू होईल म्हणून वाट बघितली आणि मग परत आले. परत आलेल्या माणसाला लोक विचारतात, काय आणलंस? ह्यांच्या ट्रंकेत सगळ्यांत वर एक काळा पट्टा होता. चाळीजवळच्या एका हॉलमध्ये आठ वर्षं संध्याकाळी घाम गाळून मिळवलेला. सासूबाईंना वाटलं कमरेला बांधायचा करगोटा आहे. "एवढा जाड?" असं त्यांनी विचारलं होतं. त्या दिवसांत सिनेमात मारामाऱ्या बघून मुलं रस्त्यात एकमेकांना लाथा मारायची. हे म्हणाले, "नीट शिकवलं तर ह्यांचे आईबाप पैसे देतील."

जागा मिळाली ती आंब्याची वखार. आंब्याचा हंगाम संपला की ती जूनपासून माघापर्यंत रिकामीच असते. आम्ही पहिल्यांदा दार उघडलं तेव्हा आत पेंढ्याचा आणि उतरलेल्या आंब्याचा वास कोंडलेला होता. अजूनही कधी मुलं जोरात पाय आपटू लागली की फटींतून पेंढ्याची कुसं उडतात. मालकाने हंगामाचं भाडं आगाऊ मागितलं. त्यातून खाली दगडी जमीन. चटया घातल्याशिवाय मुलांना पाडायचं कसं?

मला मागता येत नाही. लहानपणी दुकानात पाठवलं तर दुकानदाराने स्वतःहून विचारेपर्यंत मी खांबाला टेकून उभी राहायचे. पैशाचं बोलणं निघालं की अजूनही जिभेला गाठ पडते. पाऊस तोंडावर आला होता आणि मी गडग्यापाशी लाकडं रचत होते. गडगा म्हणजे आमच्या आणि हुरमतचाचीच्या परसामधला चिऱ्यांचा बुटका बांध. चाचीचा नवरा बोटीवर आहे, वर्ष-दीड वर्षाने घरी येतो. ती तिकडून म्हणाली, "वखार घेतलान म्हणे तुझ्या घोवान? मग तोंड का गो असं?"

"आगाऊ भाडं मागतात, चाची. चटया पण हव्यात."

"किती?"

मी लाकडं रचत राहिले.

"मुकीकडून बाजार करून घ्यायचा म्हंजे दिवस जायचा. किती गो शालन?"

"बाराशे."

ती आत गेली आणि पदरात नोटा घेऊन आली. त्या कशाच्या होत्या ते मला माहीत होतं. तिच्या घराच्या पश्चिमेकडचे वासे वाळवीने खाल्ले होते. नवे वासे आणि कौलं घालायला नवऱ्याने पाठवलेले पैसे होते ते.

"चाची, पाऊस येतो आहे. तुझं छप्पर?"

"प्लास्टिक घालीन. पाऊस पातेल्यात धरता येतो. तुझा घोव परत मुंबईस गेला तर त्याला कशात धरशील?" मग तिचा आवाज उतरला. "एवढंच बघ. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी आमचे येतील. त्यांना मी पत्रात लिहवणार की काम झालं. त्यांनी घरात पाय ठेवला की वर कौलं दिसली पाहिजेत."

त्या पावसाळ्यात मी दुसरं काही बघितलंच नाही. उठलं की समोर ते निळं प्लास्टिक. आषाढात ते वाऱ्याने फडफडायचं. श्रावणात त्यावर पाणी साचून त्याची पोटं लोंबायची आणि चाची आतून काठीने ती वर ढकलायची. ती ढकलायची आणि पाणी धबकन आमच्या बाजूला पडायचं. ती हसायची, "घे गो, व्याज." मी हसू शकले नाही.

जुलैत क्लासला एकेचाळीस मुलं आली. महिना वीस रुपये. उत्साहात सगळ्यांनी पहिल्या महिन्याचे भरले. त्यांत सात मुली होत्या. बंदरावरच्या खारवी वस्तीतून आलेली सुनंदा त्यांच्यातली. बारा-तेरा वर्षांची असेल. तिचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. हे म्हणायचे, "ही पोरगी ओरडली की कौल हलतं." मुठी वळून उभी राहिली की तिच्या गळ्याची शीर दिसायची. तिचे कपडे मी मांजरपाटाचे शिवले होते, वाढतं अंग म्हणून खाली चार बोटं दुमड ठेवून.

ह्यांनी नियम केला, फी एक तारखेला. पाच तारखेपर्यंत आली नाही तर त्या दिवशी मुलाने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, बाकीच्यांचा क्लास बघायचा. त्यांच्या मुंबईच्या सरांचीही अशीच शिस्त होती. हे काही दुष्ट नाहीत. मूल पडलं तर आधी हेच धावतात. पण त्यांना वाटायचं की घरी पैसे असतातच, द्यायचा कंटाळा असतो, मूल उभं राहिलं की कंटाळा जाईल.

पाच ऑगस्टला एकोणीस मुलं भिंतीला उभी राहिली. मी दाराशी बसून हजेरी मांडत होते. मुलं आली होती, म्हणून गैरहजर लिहिता येईना. शिकत नव्हती, म्हणून हजर लिहिता येईना. मी प्रत्येकापुढे एक लहान शून्य काढलं. मान वर केली तर सुनंदा समोर बघत होती. तिचे हात खाली होते आणि बोटं त्या चार बोटांच्या दुमडीशी चाळा करत होती. दुसऱ्या दिवशी ती आली. महिनाभर आली, तशीच ओरडली. पाच सप्टेंबरला परत उभी राहिली. मी दुसरं शून्य काढलं. त्यानंतर ती आली नाही.

दसऱ्याला बावीस मुलं उरली. ती सगळी कचेरीतल्या, बँकेतल्या, शाळेतल्या माणसांची होती. एका मुलाचे वडील सरकारी नोकर. ते ह्यांना म्हणाले, "सर, लोक फुकटे असतात. तुम्ही पंचवीस करा, आम्ही देऊ." ह्यांनी घरी हिशेब मांडला. बावीस गुणिले पंचवीस. मग तिसांनी गुणलं. कितीनेही गुणलं तरी घरखर्च जाऊन चाचीचे बाराशे दिवाळीपर्यंत उभे राहत नव्हते. कागद चुरगळून म्हणाले, "चटया विकू. वखारीचे उरलेले महिने मालक परत देतो का बघू. मुंबईला वॉचमनची जागा आहे, मित्राने सांगितलंय."

मी भात वाढला.

गणपती विसर्जनानंतरच मी सुईदोरा घेऊन घरोघरी जायला लागले होते. ह्यांनी सांगितलं होतं, "सर फी मागायला दारात जात नाही. तू जाऊन ये." मी गेले, पण कुठल्याही दारात फी हा शब्द तोंडातून निघाला नाही. अंगणात उभी राहून म्हणायचे, "पोराचे कपडे उसवले असतील तर द्या, घालते टाके." बाया बसायला पाट द्यायच्या. मी मान खाली घालून टाके घालायचे आणि त्याच बोलायच्या. मी न विचारता सगळं सांगायच्या.

एकीचा नवरा मुंबईत. मनीऑर्डर निघते दहाला, पोस्टमन येतो पंधराला, कधी अठराला. "एक तारखेला माझ्याकडे मिठाला पैसे नसतात गो. तुमच्या सरांची एक तारीख आणि आमच्या पोस्टमनाची वाट, दोघांची गाठ पडत नाय." दुसरीचा नवरा आखाती देशात, त्याचा ड्राफ्ट तीन महिन्यांनी येतो, पण येतो तेव्हा एकदम. बंदरावर होड्या वाळूत ओढलेल्या, नारळी पौर्णिमा झाली तरी समुद्र शांत होऊन हाताला पैसे लागायला आश्विन उजाडतो. वरच्या वाडीतली एक म्हातारी, नातवाला पाठवायची, ती तर हसलीच. "वीस रुपये? दर महिन्याला? बाय माझे, माझ्याकडे भात आहे. तांदूळ घेतात काय तुझे जपानी?"

मी टाके घालून परत यायचे. हे विचारायचे, "आले का पैसे?" मी मान हलवायचे. मला काहीतरी समजत होतं, पण काय ते मला सांगता येत नव्हतं.

कापणीला चार दिवस माहेरी गेले. लांज्याला एसटी बदलायची आणि पुढे पायी. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वय झालेलं, माणसं कमी. दिवसभर कापलं, भारे आणले, खळ्यात झोडले. खळं शेणाने सारवलेलं, त्यावर सोन्यासारखी रास. अंगाला कूस लागून खाज सुटलेली, तरी त्या राशीकडे बघत राहावंसं वाटतं. तिसऱ्या दिवशी गावचा न्हावी आला. मी लहान असल्यापासून तोच. गणूदा.

"या वर्षी रास मोठी दिसते आप्पा," तो म्हणाला. "आणि डोकं लहान झालं. केस उरलेत कुठे? बलुतं मात्र पूर्ण घेणार हां."

"घे की. बारा महिन्यांत तुझ्या वस्तऱ्याने कधी विचारलंन काय, पैसे आहेत काय म्हणून?"

"विचारलं असतं तर तुम्ही मान हलवली असती, आणि मग मान कापली गेली असती."

सगळे हसले. आप्पांनी पायली घेतली आणि त्याच्या घोंगड्यावर भात घालायला लागले. "लाभ," ते म्हणाले. मग "दोन," मग "तीन."

आमच्याकडे भात मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. लहानपणी मी विचारलं होतं, का म्हणून. आप्पा म्हणाले होते, "एक म्हटलं की ते एकटं पडतं. लाभ म्हटलं की त्याच्या मागनं दुसरं येतं."

मी सूप हातात घेऊन तशीच उभी राहिले. हा माणूस वर्षभर डोकी करतो. पावसाळ्यात, जेव्हा घरात दमडी नसते, तेव्हाही करतो. कुणाला भिंतीला उभं करत नाही. आणि रास पडली की बरोबर त्या दिवशी येतो, न बोलावता. सुतार तसाच येतो. गुरव तसाच येतो. त्यांना घराची तारीख ठाऊक असते. आमच्या वखारीत आम्ही सगळ्या घरांना एकच तारीख दिली होती, आणि तीही एक.

परत येताना एसटीत मांडीवर तांदळाचं गाठोडं होतं आणि घरी काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि मी ह्यांना आपणहून काही सुचवलं असं एकदाही झालं नव्हतं.

घरी आल्यावर सांगितलं. जमेल तसं, तुटक तुटक. ह्यांचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे मी बलुतं मागू? काळा पट्टा बांधून सुपात भात घेऊ?"

मी वही उघडून पुढे ठेवली. "ही शून्यं बघा."

"कसली शून्यं?"

"भिंतीला उभं केलेली मुलं. एक शून्य असेल तर मूल पुढे आलेलं आहे. दोन असतील तर त्यापुढची रेघ कोरी."

ते बोट फिरवत राहिले. मी मोजून ठेवलं होतं. दोन शून्यांची मुलं पंधरा. त्यांतलं एकही परत आलेलं नव्हतं. चार जणं आपापल्या कारणाने गेली, पण ही पंधरा आम्ही घालवली होती.

"आमच्या सरांनी मलाही उभं केलं होतं," हे म्हणाले. "मी नाही सोडला क्लास."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तिथे फी कधी घ्यायचे?"

"बारा तारखेला."

"बाराच का?"

"गिरणीचा पगार दहाला व्हायचा." हे बोलले आणि बोलता बोलता थांबले. मग उठून पाणी प्यायले. "तुमच्या गणूदाला किती पायल्या मिळतात?" असं विचारलं. मला हसू आलं आणि रडूही आलं.

मग मी प्रत्येक नावापुढे लिहिलं. पोस्टमन. ड्राफ्ट. होडी. भात. एक तारीख फक्त बावीस नावांपुढे राहिली. फी एका पैशानेही वाढवली नाही. हे स्वतः माझ्याबरोबर दारोदार आले. अंगणात उभे राहून म्हणाले, "पोराला पाठवा. तुमच्याकडे येतील तेव्हा द्या. तोवर कुणी काही विचारणार नाही." माणसांना आधी पटायचं नाही. एक जण म्हणाला, "आणि नाहीच दिले तर?" हे म्हणाले, "न्हाव्याचे बुडवता काय?" तो खजील झाला.

मुलं परत येऊ लागली. पंधरांतली दहा आली. वरच्या वाडीतली म्हातारी नातवाला घेऊन डोक्यावर भात घेऊन आली, सगळ्या हंगामाचं एकदम, आणि वखारीच्या कोपऱ्यात ओतून म्हणाली, "घ्या. आता आंब्यापर्यंत माझ्याकडे बघायचं नाय." अशी अजून दोघं आली. कोपऱ्यात रास झाली. बँकेतल्या साहेबांचा मुलगा विचारायचा, "सर, पिवळ्या पट्ट्याला किती पायली?" मी भात सडून घेतलं, तांदूळ बाजारात विकले. पंधरा तारखेनंतर मनीऑर्डरवाल्या बाया स्वतः येऊन मागचे-पुढचे देऊन गेल्या. ड्राफ्टवालीने तीन महिन्यांचे एकदम दिले.

भिंतीला ह्यांनी खुंट्या मारल्या. आता तिथे मुलांचे सदरे लटकतात. कुणाला पाठ लावायला जागाच नाही.

दिवाळीआधी मी चाचीला पाचशे दिले. तिने वासे आणवले. दिवाळीत सहाशे साठ दिले. तिच्या छपरावर माणसं चढली, निळं प्लास्टिक एका कडेने गुंडाळलं जाऊ लागलं. रोज सकाळी निळं कमी आणि तांबडं जास्त. मग काम थांबलं. शेवटच्या दोन ओळींची कौलं यायची होती, कौलवाला उधार द्यायला तयार नव्हता. चादरीएवढं निळं राहिलं. आम्हीही खरडून बघितलं, डब्यात काही नव्हतं. चाळीस रुपये कमी पडत होते. चाचीचा नवरा परवा येणार होता.

सुनंदाच्या घरी मी त्याआधी गेले होते. एकटी. तिची आई अंगणात जाळं विणत होती. मी सुईदोरा काढला, तर ती म्हणाली, "ठेव तो आत. कपडे उसवलेले नायत. घडी करून ठेवलेत." मी उभीच राहिले. तिने मला पाट दिला नाही.

"ह्यांनी नियम बदलला," मी म्हटलं. "होड्या चालू झाल्या की द्या. सुनंदाला पाठवा."

"फी नव्हती म्हणून नाय थांबली ती, बाय." तिची सुई चालत होती. "कराटे शिकून पोर हात वर करायला शिकली होती. घरी येऊन दाखवायची, आये बघ, असा. आणि तुमच्या सरांनी तिला हात खाली घालून उभी केलान. सगळ्यांदेखत. दोन वेळा. एकदा तरी मी म्हटलं, जा, सर आहेत. दुसऱ्यांदा कुठल्या तोंडानं सांगू?"

सुनंदा दारात होती. मी तिच्याकडे बघितलं, तिने आत बघितलं. मला माफी मागायची होती. "चुकलं" एवढाच शब्द निघाला, तोही इतका हळू की कुणाला ऐकू गेला की नाही, मला माहीत नाही.

आणि त्या दिवशी, चाचीच्या छपरावरचं काम थांबलेलं असताना, ती बाई वखारीत आली. क्लास सुटला होता. हे चटया गुंडाळत होते. तिने ओटीतून दहाच्या चार नोटा काढून माझ्या हातात दिल्या.

"होडी लागली. दोन महिन्यांचे."

मी म्हटलं, "सप्टेंबरात ती पाचच दिवस आली. वीसच होतात."

"पाच दिवस तर पाच दिवस. ज्या महिन्याच्या नावानं ती भिंतीला उभी राहिली, तो महिना आम्ही ठेवून घेणार नाय."

हे पुढे आले. हात चटईच्या धुळीने भरले होते, ते मागे घेतले. म्हणाले, "चुकलं माझं. तिला पाठवा."

"ते तिला सांगायचंत, सर. त्याच वेळी. भिंतीपाशी." तिचा आवाज चढला नव्हता. "आता ती माझ्याबरोबर पाटी घेऊन येते. तिला मोजायला येतं चांगलं, तुमचंच जपानी. गिऱ्हाईक हसतात." आणि ती गेली. हे तिच्या पाठोपाठ खारवी वस्तीत गेले, सुनंदाला तिच्या दारात, तिच्या आईदेखत "चुकलं" म्हणून आले. पण ती क्लासला परत आली नाही ती नाहीच. ते कपडे अजून त्यांच्याकडेच आहेत. चार बोटांची दुमड सोडली तरी आता तिला तोकडेच होतील.

मी तशीच गडग्यापाशी गेले. ऊन कलतं होतं आणि आमच्या अंगणातून, जिथे मी म्हातारीचं उरलेलं भात वाळत घातलं होतं, तिथून तो वास येत होता. चाची चिऱ्यांवर कोपरं टेकून आपल्या छपराकडे, त्या चादरीएवढ्या निळ्याकडे बघत होती. मी नोटा पुढे केल्या. त्यांना मासळीचा वास होता. तिने हुंगून बघितलं.

"बंदरावरनं आले वाटतं."

"हो."

तिला माझा चेहरा बघून काय कळलं कोण जाणे. बाकीच्या वेळी तिने माझे पैसे कधी मोजले नव्हते, तसेच पदरात बांधायची. या वेळी तिने गडग्यावर एकेक नोट ठेवली, हलक्या हाताने. तिच्या माहेरीही भातशेती आहे.

"लाभ," ती म्हणाली. "दोन. तीन. चार."

मग चारी नोटा एकावर एक ठेवून त्यांवर तिने हात ठेवला. "बाराशे पुरे झाले गो, शालन. फिटले."